राधाबाईची जबानी

डॉक्टरनं विचारलं होतं शांताला, पण उत्तर दिलं राधाबाईनं.

"नळावर पाय घसरला. शेवाळ झालंय हो तिथं."

परळच्या इस्पितळात दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी कमी होती. शांताचं उजवं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. तरुण डॉक्टरनं ते हलकेच वळवून पाहिलं, मग तिच्या दंडावरचा जुना, पिवळा पडत चाललेला वळ पाहिला.

"हाही नळावरच?"

"हो ना. चालतेच धांदरटासारखी," राधाबाई म्हणाली.

डॉक्टर पुढं काही बोलला नाही. दाराशी स्टुलावर एक पोलीस शिपाई वही घेऊन बसला होता. हाडं मोडून आलेल्या माणसाची नोंद करायची म्हणून त्यानं नाव, पत्ता, कारण विचारलं. तेही राधाबाईनंच सांगितलं. तुम्ही समोर होतात का, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाठीमागंच होते, कळशी घेऊन." इतकं खरं वाटेलसं बोलली की तिची तिलाच कळशी दिसली.

शांताच्या हाताला प्लास्टर घातलं आणि दोघी चालत लालबागला निघाल्या. एप्रिल १९६० चे दिवस होते. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं आणि नाक्यानाक्यावर एक मेच्या कमानींसाठी बांबू येऊन पडले होते. शांता पंचविशीची, देवगडकडची. एरवी ती बडबडी नव्हतीच, पण त्या दिवशी भारतमाता थेटर मागं पडलं तरी तिनं तोंड उघडलं नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मावशी, तुम्ही आधीच बोललात."

"मग? तू काय सांगणार होतीस?"

"तेच ठरवत होते मी," शांता म्हणाली. "त्यानं नीट विचारलं होतं. मी सांगितलं असतं की नाही, माझं मलाच ठाऊक नव्हतं. आता ते कळायचं राहिलं."

राधाबाईनं शांताच्या डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि दोघी मेस्त्रीच्या चाळीचा जिना चढल्या.

राधाबाई पन्नाशीची. नवरा गिरणीत असतानाच वारला, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत ती खानावळ चालवायची. तिच्या गावाकडचे, कणकवली-मालवणकडचे चौदा गिरणीकामगार पाळीप्रमाणं दोन पंगतींत जेवून जायचे. शेजारच्या खोलीत लवू आणि त्याची बायको शांता. मधली भिंत फळ्यांची होती. पलीकडं कोणी खोकलं तर अलीकडं कळायचं, मग बाकीचं तर कळायचंच.

लवू वाईट माणूस आहे असं चाळीत कोणीच म्हटलं नसतं, राधाबाईनंही नाही. चार वर्षांपूर्वी, छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई केंद्राकडं जाणार असं रेडिओवर सांगितलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. गोळीबार झाला. नाक्यावर एक अनोळखी मुलगा छातीत गोळी लागून पडला होता. पळणाऱ्या गर्दीतून लवू एकटा मागं फिरला. त्याला उचलून फुटपाथला आणताना लवूच्या मांडीत गोळी शिरली. तो मुलगा वाचला नाही. लवू वाचला, पण पाय अधू झाला. पूर्वी तो मागावर उभा राहून काम करायचा, आता गिरणीनं त्याला बसून कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात टाकला.

त्याच आठवड्यात पोलीस चाळीत शिरले होते. दगडफेक करणारी पोरं हवी होती त्यांना. राधाबाईचा धाकटा भाऊ गणपत रातपाळी करून जिन्यावर तोंड धूत होता, त्यालाच ओढून नेला. चार दिवसांनी सोडला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. तुटलेला धागा सांधता येईना, म्हणून गिरणी सुटली आणि तो गावी गेला तो परत आला नाही.

चाळ कमिटीचे अध्यक्ष शामराव त्या वेळी दारोदार फिरले. ते गिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर नेसणारे, शब्दाला जपणारे गृहस्थ. त्यांनी प्रत्येक बिऱ्हाडाला एकच सांगितलं. पोलिसांनी काही विचारलं तर दिसलं नाही, ऐकलं नाही. लहान पोरांनासुद्धा हे पाठ करून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पोटमाळ्यावर तीन तरुण सहा दिवस लपले होते. पोलीस तीनदा येऊन गेले, पण साठ बिऱ्हाडांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट माटुंग्या-प्रभादेवीपर्यंत अभिमानानं सांगितली जात होती, आणि अभिमान वाटावा अशीच ती होती.

ती गप्प राहायची सवय तेवढी मागं उरली.

लवूनं पहिल्यांदा शांतावर हात उचलला तो पायाची जखम भरल्यावर वर्षभरानं. जेवताना ताट भिंतीवर आपटल्याचा आवाज आला, मग तिचा. तो दारू पीत नव्हता. संध्याकाळी कामावरून यायचा, पाय ठणकत असायचा, कधी एखाद्या सभेत त्याला हार घातलेला असायचा. ज्या दिवशी हार घातला जाई, त्या दिवशी हटकून काहीतरी होई. राधाबाईला याचा अर्थ कधी लागला नाही. एकदा तिनं त्याला फळीपलीकडून म्हणताना ऐकलं होतं, "सगळे हार घालतात आणि मी दिवसभर घड्या घालतो."

अशा वेळी चाळ आपापल्या कामाला लागायची. समोरची मालन स्टोव्हला जोरजोरात पंप मारायची. पुरुष गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विड्या पेटवायचे. राधाबाई खलबत्ता घेऊन मसाला कुटायला बसायची, आणि नंतर आवाज थांबला की वाटीभर सोलकढी घेऊन शांताकडं जायची. शांता ती प्यायची. दोघींपैकी कोणी काही बोलत नसे. हे तीन वर्षं चाललं होतं.

प्लास्टर घातलं त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कमिटीची बैठक तळमजल्यावर भरली. एक मेला चाळीपुढं मांडव घालून लवूला शाल आणि श्रीफळ द्यायचं, यावर बोलणं चाललं होतं. लवू दुपारपाळीला होता. बायका दाराशी उभ्या होत्या. राधाबाई म्हणाली,

"शामराव, त्याच्या बायकोचा हात गळ्यात बांधलाय. ती मांडवात कुठं बसणार?"

शामरावांनी चष्मा काढून पुसला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "गेल्या साली मी त्याच्याशी बोललो होतो. पंधरा दिवस बरा होता."

"आणि नंतर?"

"राधाबाई, तुम्ही काय करायला सांगता? चौकीत जायचं? ज्यांनी त्याच्या पायात गोळी घातली त्यांच्या दारात त्याचं नाव द्यायचं? तुमच्या गणपतचं काय केलं त्यांनी, तुम्हीच बघितलंत. आणि हे उद्या पेपरात आलं तर बाहेरचे काय म्हणतील? हेच का तुमचे लढवय्ये, असंच ना? एक मे होऊ द्या. मग आपण घरातल्या घरात बसून मिटवू."

शामराव खोटं बोलत नव्हते. राधाबाईला त्यांचं म्हणणं जवळजवळ पटलंच. ती वर आली आणि तांदूळ निवडायला बसली. भिंतीपलीकडं शांता डाव्या हातानं भांडी घासत होती. एक भांडं तिच्या हातून निसटलं, मग दुसरं. राधाबाईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. इस्पितळातल्या त्या तरुण डॉक्टरचा चेहरा तिला आठवला. पुढचं वाक्य बोलू की नको, अशी ओठांची हालचाल झाली होती त्याची. त्याला गप्प करायला कोणी पोलीस आला नव्हता की गिरणीवाला. ते तिनंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पंगत उठल्यावर तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि चौकीवर गेली. गणपतला सोडवायला आली होती त्यानंतर चार वर्षांत तिनं या फुटपाथवर पाय ठेवला नव्हता. चौकीतल्या हवालदाराचं नाव घाडगे. मिशा पिकलेला, पोट सुटलेला माणूस. तो चहा पीत होता.

"मेस्त्रीची चाळ?" तो म्हणाला. "तुमच्या चाळीतून कोणी आपण होऊन इथं येईल असं वाटलं नव्हतं."

राधाबाईनं काय झालं ते सांगितलं. तो ऐकत राहिला, पण वही उघडली नाही.

"आई, हे घरोघरी आहे. आम्ही जातो, तर बाईच म्हणते, पडले. शेजारी म्हणतात, आम्ही घरी नव्हतो. मग आम्ही हात हलवत परत येतो आणि साहेब आम्हालाच विचारतो, तुम्हाला दुसरी कामं नाहीत? तिला येऊ द्या. ती बोलली तर लिहितो."

"ती येईल तेव्हा येईल. तुम्ही माझी जबानी घ्या."

"तुमची कसली?"

"तीन दिवसांपूर्वी इस्पितळात शिपायानं लिहून घेतलं की ही नळावर पडली. ते मी सांगितलं. ते खोटं आहे. मी नळावर नव्हतेच. मी माझ्या खोलीत होते, आणि भिंतीपलीकडं तिचं मनगट मोडलं ते मी ऐकलं."

घाडग्यानं कप खाली ठेवला.

"खोटं सांगितलंत म्हणजे दोष तुमच्याकडंही येतो, कळतंय का?"

"कळतंय. म्हणून तर आले. तेही लिहा."

हवालदारानं वही ओढली, टाक शाईत बुडवला आणि लिहायला लागला. प्रत्येक वाक्य झाल्यावर तो तिला वाचून दाखवी. "ऐकले की ऐकू आले?" त्यानं एकदा विचारलं. राधाबाई म्हणाली, "ऐकलं. कान देऊन ऐकलं." तीन वर्षांतलं तिला आठवत होतं तेवढं सगळं तिनं सांगितलं. कधी शिमगा होता, कधी गौरी बसल्या होत्या, त्यावरून तिनं दिवस लावले. शेवटी तिला सही येत नव्हती म्हणून अंगठा दिला. बाहेर आल्यावर ती बराच वेळ शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला एक शिपाई चाळीत आला. त्याची पिवळी टोपी जिन्यात दिसताच पोरं पांगली आणि एकेक दार लागत गेलं. लवूची त्या दिवशी सुट्टी होती. शिपायानं उंबऱ्यातूनच शांताला विचारलं, हात कसा मोडला. लवू तिच्या मागं बाजल्यावर बसला होता.

शांता म्हणाली, "नळावर पडले."

शिपायानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तो निघून गेला. गॅलरीत राधाबाई कठड्याला धरून उभी होती. तिला शांताचा राग आला नाही.

लवू लंगडत बाहेर आला. चौकीत कोण गेलं असेल, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या पायातली गोळी काढल्यानी तेव्हा महिनाभर पेज तुम्ही आणून दिलात."

"म्हणानच इतकी वर्षां गप रवलंय, लवू," राधाबाई म्हणाली. "माझा चुकला ता."

लवू उंबऱ्यावर बसला आणि पाय चोळत राहिला. त्याचा चेहरा तापलेला नव्हता, थकलेला होता. राधाबाईला त्याची कीव आली, आणि कीव येऊनही आपण केलं ते बरोबर केलं असं वाटलं. या दोन गोष्टी एकत्र मनात राहू शकतात हे तिला नवीन होतं.

पुढचे दिवस तिला जड गेले. चौदापैकी नऊजणांनी आपली ताटं दुसऱ्या खानावळीत हलवली. ज्या बाईनं पोलीस चाळीत आणला तिच्या हातचं खायचं नाही, असं एकानं तोंडावर सांगितलं. मालन समोरून जाताना मान वळवू लागली. शामराव नमस्कार करायचे, पण बोलायचे नाहीत.

एक मे आला. चाळीवर दिव्यांच्या माळा चढल्या, फटाके वाजले, पेढे वाटले. लवूला शाल आणि श्रीफळ मिळालं. तो मांडवात मान खाली घालून उभा राहिला आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर नुसते हात जोडले. शांता बायकांत बसली होती, प्लास्टरवरून पदर घेऊन. राधाबाई वरच्या गॅलरीतून पाहत होती. गणपतची बोटं ज्यासाठी गेली ते राज्य झालं होतं. तिला आनंद झाला आणि रडूही आलं. त्या संध्याकाळी पलीकडून काही आवाज आला नाही.

तो आवाज आला महिन्याभरानं. प्लास्टर निघून आठ दिवस झाले होते. संध्याकाळी सहाची वेळ. राधाबाईनं हातातलं टाकलं आणि शेजारचं दार ठोठावलं. दार शांतानंच उघडलं. कानाखाली बोटं उमटली होती.

"मावशी, चौकीतला तो हवालदार अजून आहे का?"

"आहे."

"चला माझ्याबरोबर. पण बोलायचं मी."

दोघी जिना उतरल्या. लवूनं वरून एकदाच हाक मारली. शांता थांबली नाही.

घाडग्यानं जुनं पान काढलं आणि राधाबाईची जबानी शांताला पहिल्यापासून वाचून दाखवली. शिमग्याची, गौरींची, मनगटाची. शांता मान खाली घालून ऐकत होती. इतकं सगळं दुसऱ्या कोणी लक्षात ठेवलं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. वाचून झाल्यावर हवालदारानं विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे," शांता म्हणाली. "शिपाई आला होता तेव्हा मी खोटं बोलले, कारण तो गेल्यावर मला त्याच खोलीत राहायचं होतं. आता मी परत जाणार नाही. पुढचं लिहून घ्या."

आणि ती तासभर बोलत राहिली. राधाबाईला ठाऊक नसलेलंही बरंच होतं त्यात. राधाबाई बाकावर बसून ऐकत होती आणि एकदाही मध्ये बोलली नाही.

लवूवर केस झाली. कोर्टात त्यानं काही नाकारलं नाही. मॅजिस्ट्रेटनं वर्षभर नीट वागण्याचा जामीन घेतला. जामीन राहिले शामराव. बायकोच्या जवळ राहायचं नाही असं ठरलं, तेव्हा लवू प्रभादेवीला आपल्या चुलतभावाकडं गेला. पेपरात काहीच आलं नाही. बाहेरच्या कोणी काही म्हटलं नाही, कारण बाहेर कोणाला ते कळलंच नाही.

शांता राधाबाईकडं राहिली. सुरुवातीला भाकऱ्या थापायला मदत करायची, मग ओळखीनं एका गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात बदलीवर, कोणी गैरहजर असेल त्याच्या जागी, लागली. दोघींचं नेहमीच जमायचं असं नव्हतं. शांता कधी कधी चिडायची, म्हणायची, "तुम्ही पहिल्यांदा गेलात ते मला विचारून नाही." राधाबाई म्हणायची, "नाही विचारलं." एवढ्यावर ते संपायचं. लवूचा पाय पावसाळ्यात सुजतो हे शांताला आठवायचं आणि ती ते बोलूनही दाखवायची. राधाबाई त्यावर कधी टोमणा मारत नसे.

दसऱ्याच्या आधी लवू आला. दिवसाउजेडी, गॅलरीत उभा राहिला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. शांता आत भाजी चिरत होती, ती विळी आडवी करून बाहेर आली.

"परत येतेस का म्हणून विचारायला आलो," तो म्हणाला. "मी आता तसा राहिलेलो नाही."

"असेल," शांता म्हणाली. तिनं आवाज मुद्दाम चढवला नव्हता, पण उतरवलाही नव्हता. मालन दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या पलीकडं आणखी दोघी. "तू त्या पोराला उचलायला मागं फिरलास ते मी सगळ्यांना सांगते. आजही सांगते. आणि तू माझा हात मोडलास तेही सांगते. मी येणार नाही, लवू."

राधाबाईनं आतून चहाचा कप आणून कठड्यावर ठेवला. लवूनं तो उभ्या उभ्या प्यायला आणि कप खाली ठेवून जिन्याकडं वळला. जिन्यात शामराव वर येत होते. त्यांनी भिंतीला टेकून त्याला वाट दिली, मग वर येऊन शांतापुढं थांबले.

"माझी लतिका," ते म्हणाले, "माटुंग्याला दिलेली. काल आली आहे. जेवत नाही, बोलत नाही. तू जरा येऊन बसतेस तिच्याजवळ?"

शांतानं हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्यामागून निघाली.